एकसष्ट दात्यांचं चाक

आत्याचं डोकं सकाळीच फिरलं, आणि का फिरू नये? तीस वर्षं जिच्या हातच्या गिअरवर कारखान्याचं नाव चाललं, तिच्याबद्दल गिऱ्हाइकाला पत्र गेलं होतं: "दाते सदोष कापले गेले. कामगार बदलत आहोत." लिहिणारा कोण, तर सख्खा भाचा! वर्षभर खुर्चीत बसला आणि लागला अक्कल शिकवायला.

तुटलेलं चाक परत येऊन ऑफिसातल्या टेबलावर पडलं होतं. टेबलामागे दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ आणि कारखान्याचा मालक. बाजूला त्याचा मुलगा, हाताची घडी घालून.

"आत्या, वय झालं की हात थरथरतोच," भाचा म्हणाला. "उद्यापासून पॅकिंग बघ. मशीनवर दुसरा माणूस येतोय."

"हात थरथरतो काय? बघू." तिने एप्रनच्या खिशातला खडू काढून पहिल्या तुटक्या दात्यावर रेघ मारली. "इथून मोज. मोठ्याने."

भाचा कंटाळल्यासारखा मोजू लागला. एकवीसला थांबला, तो दाता तुटका होता. पुढे एक्केचाळीसावाही तुटका निघाला, तसा त्याचा आवाज बारीक झाला. बाकी सत्तावन्न दाते नव्यासारखे होते.

"माझा हात दर वीस दात्यांनी एकदा थरथरतो होय रे? मधे बरा होतो?"

दादा चष्मा लावून पुढे वाकला. आत्याने टेबलावर हात आपटला.

"याला फिरवणाऱ्या, बाजारातून आणलेल्या लहान चाकाला दाते वीस. वीस त्रिक साठ. म्हणजे लहान चाकाचा एकेक दाता जन्मभर त्याच तिघांवर आपटणार. एकावर उंचवटा राहिला होता, त्याने तिघांचा जीव घेतला. एकसष्ट दाते असते तर तोच मार पाळीपाळीने एकसष्टांत वाटला गेला असता, कुणाला काही झालं नसतं. मी एकसष्ट म्हणत होते. ड्रॉइंगवर खोडून साठ कुणी केले?"

"साठला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, सगळ्यांनी भाग जातो," भाचा म्हणाला. "आखायला सोपं."

"म्हणूनच नको, शहाण्या! एकसष्टला भाग देऊन दाखव."

"दोनने नाही. तीनने... नाही. पाचने नाही. सात आठे छप्पन्न, उरले पाच. अकराने..."

"बस कर. आठ आठे चौसष्ट. एकसष्टचे दोन भाजक निघाले तर एक तरी आठाच्या आतला हवा. चार आणि सहा दोनातच आले. राहिलं काय? मूळ संख्या आहे ती. विसाच्या पाढ्यात सापडायची नाही."

दादाने घसा खाकरला. "चुकलं पोराचं. पण घरातलं घरात ठेवू, अगं. तू चार दिवसांत एकसष्टचं चाक करून दे. पत्राचं बघू नंतर."

"नंतर? माझ्या तोंडाला काळं फासताना नंतर नाही सुचलं!" तिचा आवाज चिरकला. रागाने डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. तिने भाच्यापुढे हात पसरला. "एकसष्टची तबकडी दे."

साठ दाते मशीनच्या साध्या तबकडीवर आखता येतात. एकसष्टाला एकसष्ट भोकांची वेगळी तबकडी लागते. ती तिच्या बाबांनी आणि तिने दीड महिना खपून हाताने केली होती. दोन महिन्यांपूर्वी ती भिंतीवरच्या खिळ्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा भाचा म्हणाला होता, कपाटात जपून ठेवलीय.

भाचा कपाटाकडे वळलाच नाही.

"भंगारात दिली. म्हटलं, एकसष्ट कुणाला लागतंय?"

"बाबांची तबकडी?" दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आत्याने एप्रन सोडला आणि भाच्याच्या गळ्यात अडकवला.

"एकसष्ट भोकं. हाताने. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून."

"मला नाही येत ते!"

"शिकशील. मी उभी राहून शिकवीन, बाबांनी मला शिकवलं तसं." तिने त्याची खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि गिऱ्हाइकाला नवं पत्र लिहायला कोरा कागद पुढे घेतला. "कामगार बदलत आहोत, असं तूच कळवलंस ना? जा मशीनवर. बदलला."