उद्घाटनाचा बॉल

"इतका सोपा बॉल टाकीन की तू डोळे मिटून चौका मारशील," असं म्हणून अंबरीशने गच्चीच्या त्या टोकाहून दोन पावलं टाकली आणि हात फिरवला.

समोर देवश्री कपड्यांचं धोपाटणं घेऊन उभी होती. बॉल तिच्याकडे सरळ निघाला, जमिनीला टेकला आणि एकदम काहीतरी काम आठवल्यासारखा डावीकडे वळला. तिकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हं खात बसली होती.

देवश्रीने आधी बरणीच्या तुकड्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"डोळे उघडेच होते माझे," ती म्हणाली.

"बोटं फिरतात गं. मी नाही फिरवत, तीच फिरतात."

"मग उद्या दत्ताजींना हेच सांगणार का? साहेब, माझ्या बोटांशी बोलून घ्या?"

अंबरीश खाली बसून फोडी गोळा करायला लागला.

अंबरीश पोतनीस देवास जिल्ह्याच्या टीमचा जुना कॅप्टन. लेगस्पिनर. सरदारपुरापासून सोनकच्छपर्यंत एक मैदान असं नव्हतं, जिथे त्याच्या बॉलने कुणाची फजिती केली नव्हती. पोतनीसचा बॉल आणि मंडीतला बैल, दोघं कुठे वळतील सांगता येत नाही, असं लोक म्हणायचे. पुढे खेळणं सुटलं, पोट सुटलं आणि कॅप्टन पार्टीत गेला. ज्याने आयुष्यभर फील्ड लावली, त्याला पार्टीने सभेच्या खुर्च्या लावायला दिल्या. त्याही त्याने निमूट लावल्या.

कारण एकच, पाण्याच्या टाकीमागचं मैदान. तिथे तो शिकला होता, तिथेच रोज संध्याकाळी वॉर्डातल्या पोरापोरींना शिकवत होता, आणि तिथेच आता दोन मजली पार्किंग उभं करायचं घाटत होतं. आपण पार्षद, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, झालो तर ते थांबवता येईल, एवढं त्याचं साधं गणित. पार्षदकीचं तिकीट होतं पार्टीचे बडे नेते, धारचे दत्ताजी यांच्या हातात. आणि दत्ताजी उद्या त्याच मैदानावर टूर्नामेंटचं उद्घाटन करायला येणार होते.

उद्घाटनाची एक रीत असते. पाहुणा नारळ फोडतो, फीत कापतो, मग बॅट धरून उभा राहतो. कुणीतरी त्याला हातात लाडू द्यावा तसा बॉल देतं, पाहुणा तो कसाबसा ढकलतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. या रीतीत आजवर कुणी आउट झालेलं नव्हतं.

"एक बॉल, भिया," पार्टीचे शहर अध्यक्ष उदाजीराव बजावून गेले होते. "साहेबांच्या बॅटला लागला की तिकीट तुमचं समजा."

दुसऱ्या दिवशी दत्ताजी मैदानात उतरले ते पांढऱ्या कुर्त्या-पायजम्यावर पॅड बांधून. हार एवढे होते की हेल्मेट बसेना, ते राहिलं.

"कॉलेजात मी ओपनिंग करायचो," त्यांनी पिचपर्यंतच्या वाटेत भेटेल त्याला सांगितलं. "धारला कोणालाही विचारा."

धार लांब होतं. कुणी विचारलं नाही.

स्टंपामागे चिंटू उभा होता. चिंटू आता पन्नाशीचा, नमकीनच्या दुकानाचा मालक, पण एके काळी अंबरीशच्या टीमचा विकेटकीपर. फोटोत बरं दिसावं म्हणून त्याने जुने ग्लव्हज माळ्यावरून काढले होते. अंपायर विठोबाकाका. स्वतःच्या जावयाला पायचीत देऊन पुन्हा त्याच्याच घरी जेवायला गेलेला माणूस. बोलरच्या टोकाला फोटोवाल्यांनी जागाच ठेवली नाही, म्हणून काका लेगच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते.

अंबरीशने ठरवलं होतं की बोटं वापरायचीच नाहीत, बॉल तळहातावरून सोडून द्यायचा. त्याने तसा सोडलाही. पण अगदी शेवटच्या क्षणी बोटांनी त्याला काय निरोप दिला कोण जाणे. बॉल हवेत उंच गेला. दत्ताजींना तो टाकीपलीकडे मारावासा वाटला. ते तीन ढांगा पुढे आले आणि बॉल त्यांच्या पुढ्यात पडून वळला. बॅटने हवेत एक मोठं वर्तुळ काढलं.

चिंटूने विचार केला असता तर काहीच केलं नसतं. पण स्टंपामागे उभं असताना चिंटूने आयुष्यात कधी विचार केला नव्हता. बेल्स उडाल्या. त्याच्या गळ्यातून आपसूक "हाउज दॅट" निघालं. आणि विठोबाकाकांचं बोट वर गेलं.

सगळं मैदान त्या बोटाकडे बघायला लागलं. दत्ताजी तेवढे क्रीजबाहेर फोटोसाठी हसत उभे होते.

"सॉरी यार, कॅप्टन," चिंटू पुटपुटला. "हात गेला."

"नो बॉल," उदाजीराव माइकवर ओरडले. "भाईयों, नो बॉल था."

"नो बॉल नव्हता," विठोबाकाका म्हणाले. बोट अजून वरच होतं.

उदाजीराव माइक घेऊन धावत पिचवर आले आणि त्यांनी तो अंबरीशच्या हातात कोंबला.

"भिया, सांगून टाका, पाय पुढे पडला. साहेबांना कळायच्या आत. तिकीट जाईल, काय समजलात?"

अंबरीशने खाली पाहिलं. चुन्याच्या रेषेच्या चांगलं वीतभर मागे, धुळीत, त्याच्या बुटाचा ठसा स्वच्छ उमटला होता. दोरीपलीकडे त्याची संध्याकाळची टोळी श्वास धरून उभी होती. अंपायरने बोट वर केलं की मान खाली घालून चालू लागायचं, हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं. त्याने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, घाम पुसला.

"विठोबाकाका," तो म्हणाला, "दत्ताजी अजून मैदानातच आहेत ना?"

"आहेत. त्यांना आउट झाल्याचं कळलेलंच नाही."

"मग मी कॅप्टन म्हणून आमचं अपील मागे घेतो. चालेल?"

विठोबाकाकांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं, जणू नियम तिकडे लिहिले होते.

"नियमात बसतं," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बोट मिटलं.

अंबरीशने माइक तोंडाशी नेला.

"दत्ताजी आउट होते. चिंटूने फस्क्लास स्टंपिंग केलं, त्याच्यासाठी टाळ्या. पण पाहुण्याला एका बॉलवर घरी पाठवायची आपल्या देवासची रीत नाही. साहेब आज पुन्हा खेळतील. पुढच्या वर्षी याच मैदानावर खेळतील. त्याच्या पुढच्या वर्षीही. काय साहेब, याल ना?"

माइक दत्ताजींच्या पुढे आला. एवढ्या वेळात काय घडलं ते त्यांच्या डोक्यात हळूहळू शिरलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते.

"येणार म्हणजे? दर वर्षी येणार."

"म्हणजे मैदान राहणार?" अंबरीशने विचारलं.

"अरे, राहणार. कोण हलवतो ते बघतो मी."

टोळीने दोरी ओलांडून नाच सुरू केला. बायकांच्या खुर्च्यांत देवश्रीने शेजारणीला कोपर मारलं आणि तोंडाला पदर लावला. उदाजीरावांनी रुमालाने मान पुसली. पार्किंगची कल्पना मुळात त्यांचीच होती.

"कॅप्टन," स्टंप पुन्हा ठोकता ठोकता चिंटू म्हणाला, "तू तर नेता निघालास यार."

"तू तुझे हात खिशात घाल."

"ग्लव्हज आहेत, भिया. खिशात कसे घालू?"

दत्ताजींनी हार काढून उदाजीरावांच्या गळ्यात घातले, बाह्या सारल्या आणि क्रीजवर नीट, अगदी ओपनरसारखं, गार्ड घेतलं. कॉलेजचं खरं असावं असं अंबरीशला पहिल्यांदाच वाटलं.

"पोतनीस," ते म्हणाले, "तुमच्या तिकिटाचं मग बोलू. आधी बॉल टाका. आणि दया नको हं."

अंबरीशने या खेपेला बोटांना काहीच सांगितलं नाही. बॉल सरळ गेला.

दत्ताजींनी तो बॅटच्या मधोमध घेतला. बॉल फोटोवाल्यांच्या डोक्यावरून, मंडपावरून, दोरीपलीकडे गेला आणि तिथे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीची पुढची काच फोडून ड्रायव्हरच्या सीटवर पडला. गाडी दत्ताजींची होती. विठोबाकाकांनी दोन्ही हात वर करून छक्का दिला.