कुलपाची ओळ

बायकोचं दिवसकार्य, गंधमुक्ती होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच जीवरामच्या नावाने पोलिसांची नोटीस आली. समाजमाध्यमावर अफवा पसरवून लोकांमध्ये असंतोष निर्माण केल्याबद्दल ठाण्यात हजर राहावे, असं तिच्यात लिहिलं होतं. जीवरामने ती दोनदा वाचली. अफवा म्हणजे शेवंताबाईच्या मरणाचा मेसेज, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

त्यांचं गाव यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. केळीच्या बुंध्यालगत फुटलेली पिलं कापताना भर दुपारी शेवंताबाईच्या पायाला साप चावला. जीवरामने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे शेजारचा नथ्थू तिला धरून बसला, आणि दोघांनी तिला गावच्या आरोग्य उपकेंद्रावर आणलं. दाराला कुलूप होतं. जीवरामने ते हातात धरून हलवलंसुद्धा. ओट्यावर बसलेला कोणी म्हणाला, सिस्टर घरी जाऊन झोपली असेल. मग गाडी शोधण्यात वेळ गेला आणि यावल यायच्या आत शेवंताबाई गेली.

संध्याकाळी त्याने चार ओळी लिहून केळीभावाच्या ग्रुपवर टाकल्या. त्याच्या फोनवर दुसरा ग्रुपच नव्हता. ‘शेवंताला शेतात साप चावला. उपकेंद्राला कुलूप होतं. सिस्टर घरी झोपली होती. माझी बायको रस्त्यात गेली.’ एवढंच. शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी ते पुढे पाठवलं. दोन दिवसांत धुळ्यापर्यंत गेलं. वाटेत कोणी त्याला सिस्टरचा फोटो जोडला, कोणी तिचा नंबर.

ठाण्यात जाताना मुलगा हितेंद्र बरोबर होता. तो जळगावला पिंप्राळ्यात राहायचा. सकाळीच स्कूटर घेऊन आला होता आणि वाटेत एकच गोष्ट सांगत होता, की वाद घालू नका, म्हणतील तिथे सही करा.

जमादार सुकदेव वयाने प्रौढ होता, बोलायला मऊ. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, शेवंताबाईचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मग छापील कागद पुढे केला. ‘मी पाठवलेला संदेश पूर्णपणे खोटा असून मी तो काढून टाकत आहे व दिलगिरी व्यक्त करतो.’ सही केली की प्रकरण इथेच मिटवता येईल, असं त्याने समजावलं.

जीवरामने चष्मा लावला. कागदावर बोट फिरवत त्याने एकेक शब्द वाचला.

“साप चावला, हे खोटं आहे का भाऊ?”

“नाही आबा.”

“कुलूप खोटं?”

सुकदेवने टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली.

“शेवंता गेली, हे तरी खोटं लिहून द्या. मी लगेच सही करतो.”

सुकदेव हळूच म्हणाला, की साहेबांसमोर एकेक ओळ जात नाही, अख्खा मेसेज जातो. त्यातलं एक खोटं निघालं की अख्खा मेसेज खोट्यात धरतात. जीवरामने विचारलं, मग ते एक कोणतं? सुकदेवने बाहेरच्या बाकाकडे हात केला. तिथे सिस्टर बसली होती. तिला त्याच कामासाठी जबाब द्यायला बोलावलं होतं.

ती दिपमाला, मूळची साक्रीकडची. बत्तीस-तेहतीसची असेल. तिच्या मांडीवर फोन उलटा ठेवलेला होता. पंधरा दिवसांत अनोळखी माणसांचे इतके फोन आले होते, इतक्या शिव्या ऐकल्या होत्या, की ती आता स्क्रीनकडे पाहतच नव्हती. जीवराम तिच्या शेजारी बसला.

तीच आधी बोलली. त्या दुपारी ती डोंगरातल्या पाड्यावर बाळंतपणाला गेली होती. मूल आडवं आलं होतं. फोनला रेंज नव्हती. उपकेंद्रात ती एकटीच, म्हणून कुलूप लावून गेली.

“कुलूप व्हतं, हाई खरं शे आबा,” ती म्हणाली. “पन मी घर झोपेल नव्हती.”

जीवरामने मान हलवली. मग विचारलं, “पोर जगलं?”

“जगनी. पोरगी शे.”

“आन् माय?”

“ती बी बरी शे.”

“चांगलं झालं,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि आत गेला.

केळीभावाच्या ग्रुपची एक रीत आहे. सकाळी टाकलेला भाव चुकला, तर तो कोणी पुसत नाही. त्या भावावर कोणी माल कापलेला असतो, उद्या तो काय दाखवणार? म्हणून चुकलेला भाव तसाच ठेवतात आणि खाली ‘सुधारित’ लिहून खरा टाकतात. जीवरामने सुकदेवला हेच सांगितलं. मेसेज मी पुसत नाही. एक ओळ मी डोळ्याने पाहिली नव्हती, दुसऱ्याच्या तोंडची घेतली, ती सुधारतो. बाकीच्या तीन पाहिल्या आहेत.

“बाबा, केस उभी राहील,” हितेंद्र म्हणाला. “या वयात कोर्टाचे हेलपाटे. आई काय परत येणार आहे का त्याने?”

“नाही येनार,” जीवराम म्हणाला. “पन तिच्या मरनाले मी खोटं म्हनू? मले नाही जमत. तू लिही. फोनवर एवढं लांब माझं बोट चालत नाही.”

हितेंद्रने फोन घेतला. बाप सांगत गेला, मुलगा टाइप करत गेला. सुधारित. सिस्टर घरी झोपली नव्हती. ती पाड्यावर बाळंतपणाला गेली होती. मी न पाहता लिहिलं, माझी चूक झाली. तिला कोणी फोन करू नये. उपकेंद्राला कुलूप होतं. इथे हितेंद्रचा अंगठा थांबला. आई गेल्यापासून तो सगळ्यांना धीर देत होता, जेवणावळीचं बघत होता. आता त्याला अक्षरं दिसेनात. जीवरामने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पुन्हा लिहीपर्यंत तसाच ठेवला. माझी बायको शेवंता रस्त्यात गेली.

पाठवण्याआधी जीवरामने ते दिपमालाला दाखवलं. कुलपाची ओळ तुला जाचक होईल का, म्हणून विचारलं. तिने सावकाश वाचलं.

“ती ओळ ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. अजून एक सिस्टर द्या, असे तिने दोन वर्षांत सात अर्ज केले होते. कोणी उत्तर दिलं नव्हतं, आणि नोकरीत असल्यामुळे तिला हे ग्रुपवर कुठे लिहिता येत नव्हतं. जीवरामने विचारलं, मी लिहू का हे? तिने नको म्हटलं. तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा, बाकीचं मी माझ्या जबाबात सांगते.

मेसेज गेला. तोच मजकूर जीवरामने कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून खाली सही केली. छापील कागद तसाच टेबलावर राहिला.

सुकदेवने दोन्ही कागद फायलीला लावले. साहेबांना हे चालेल असं वाटत नाही, तो म्हणाला. नाहीच चाललं तर तारखा पडतील, प्रत्येक तारखेला यावं लागेल.

“येईन की,” जीवराम म्हणाला. “तिथं हे वाचून दाखवतात ना, मोठ्यानं?”

“वाचतात.”

“मग पडू द्या तारखा. तेवढंच तिचं नाव कानावर पडेल.”