मामंजींच्या सदऱ्यांची गोधडी

धाकटीनं मशीनवर पाय मारला, वीतभर शिवण घातली आणि थांबली. टाके लांब लांब पडले होते, कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखे.

"टाक्याच्या लांबीचा आकडा कुणी फिरवला?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला थोरली जाऊ शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मशीन काय तुझ्या माहेरनं आलंय? मला चारवर लागतं."

"चारवर पोती शिवतात. तुकड्याला तुकडा जोडताना शेवटी गाठ नसते. पुढची शिवण वरून जाईपर्यंत टोकं सुटून येतात."

"मग बस मुंगीच्या पावलानं शिवत. तोवर म्हातारी राहते का बघ."

"ऐकतेय मी," आतून सासू म्हणाली. "अजून आहे."

सासरा गेला तशा दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या. मशीन तेवढं सामायिक राहिलं, म्हणून भांडायला रोज जागाही राहिली. सासू अंथरुणाला खिळली होती, पण जिभेला गंज नव्हता. तिनंच नवऱ्याचे जुने सदरे दोघींत वाटले. म्हणाली, "गोधडी अर्धी अर्धी शिवा. त्यांच्या कपड्यांत तरी एका जागी या." थंडी पडली होती. नांगरलेल्या रानावरून कोरडा वारा मातीसकट घरात शिरायचा आणि म्हातारीचे गुडघे धरायचे.

थोरलीचं ते मुंगीच्या पावलाचं बोलणं धाकटीच्या मनाला लागलं. तिनं आकडा थेट एकवर नेला. आता कुणी दात लावले तरी उसवणार नाही, म्हणाली मनाशी, आणि दात-ओठ खात आपला अर्धा भाग पुरा केला.

दोन्ही भाग सासूच्या खाटेवर पसरले तेव्हा थोरलीनं धाकटीची शिवण दोन्ही मुठींत धरली. "बघू तरी हिचं पक्कं काम," म्हणत हिसका दिला. दोरा तुटला नाही. कापडच फाटलं, सुईच्या भोकाभोकांतून सरळ. झिजलेला सदरा तो. इतकी भोकं त्याला सोसली नाहीत.

धाकटीचं तोंड उतरलं. पण तिनंही थोरलीचा भाग ओढला, आणि शिवणी फाकून पलीकडचा उजेड दिसला.

म्हातारी दोघींकडे बघत राहिली. "जिवंतपणी तुम्ही त्यांना कमी फाडलं होतं का?" एवढंच बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी धाकटीनं चिंध्या घेतल्या. आकडा जरा जरा सरकवत शिवायची, ओढून बघायची, फेकायची. दोन आणि तीनच्या मध्ये शिवणही धरली आणि कापडही राहिलं. मग उसवायला बसली. थोरलीचे टाके एका ओढीत निघाले. स्वतःचे मात्र ब्लेडनं एकेक खरवडावे लागले. बोटं सोलली, डोळ्यांत पाणी आलं.

"उसव," थोरली जाता जाता म्हणाली. "पक्कं शिवलंयस ना."

धाकटीनं ब्लेड पुढच्या टाक्याखाली घातलं. मग आकडा दोन आणि तीनच्या मध्येच ठेवून, फाटलेली कड आत घेत तिनं आपला भाग पुन्हा जोडला.

थोरली आपला भाग पुन्हा शिवायला बसली तेव्हा धाकटी दारातच उभी राहिली. थोरलीचा हात आकड्याकडे गेला, घुटमळला, परत आला. "कुठं फिरवत बसू," ती पुटपुटली आणि तशीच शिवू लागली.

दोन्ही भाग जोडणारी मधली शिवण एकटीला जमणारी नव्हती. एवढं ओझं सुईखालून ओढून घ्यायला मागं माणूस लागतं. धाकटी शिवत होती, थोरली पलीकडून गोधडी धरून होती, आणि दोघी एकमेकींकडे पाठ फिरवता येत नाही म्हणून खाली बघत होत्या.

गोधडी अंगावर घेऊन सासूनं शिवणीवरून बोट फिरवलं. "धरलंय," ती म्हणाली. "ऊबही आहे. आता दोघी बाहेर व्हा. तुमची तोंडं बघितली की हुडहुडी भरते."