निळ्या चौकडीचा तागा

“ती खोली तुम्ही बंद केलीत,” शिंपीणबाई म्हणाल्या आणि साहेबांच्या टेबलावरच्या फायली हातानं बाजूला सारल्या, मध्ये काही नको म्हणून. “आगीत जळली नाही, छत कोसळलं नाही. चांगली चालती खोली बंद केलीत तुम्ही लोकांनी.”

दवाखान्याचे साहेब नवे होते. हसतमुख.

“बंद नाही हो मावशी, शहरात हलवलीय. तिथं मशिनं आहेत, वेगळे डॉक्टर आहेत. सोमवारी घेऊन जा हिला.”

“आज शनिवार.”

“म्हणून तर सोमवारी म्हटलं.”

शिंपीणबाईंनी शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं. तिथं सून बसली होती. गळ्याभोवती ओढणी सैल गुंडाळलेली, कारण कापड टेकलं तरी दुखत होतं. पहाटे नवऱ्यानं तिचा गळा आवळला होता. त्याचे अंगठे कुठं रुतले ते अजून दिसत होतं. तिनं तोंडसुद्धा धुतलं नव्हतं; पुरावा जाईल म्हणून सासूनं धुऊ दिलं नव्हतं. आणि तो नवरा म्हणजे शिंपीणबाईंचा एकुलता एक मुलगा.

“सोमवारपर्यंत वळ थांबतात होय? तुमच्या मशिनला काय दाखवायचं, कोरा गळा?”

साहेबांनी पंख्याकडं पाहिलं.

सकाळी आल्या आल्या शिंपीणबाई सवयीनं मागच्या बाजूलाच गेल्या होत्या. त्या खोलीला दोन दारं. एक दवाखान्यात उघडणारं, एक मागं, बागेतल्या नळाजवळ. घरात मार खाल्लेली बाई मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. बाहेर बाकांवर बसलेल्या गावाच्या नजरेखालून तिला जावं लागत नसे. आता त्या दाराला नवं कुलूप होतं. काचेतून लांबलचक टेबल दिसलं, भोवती गुबगुबीत खुर्च्या. साहेब लोकांच्या बैठकांची खोली.

पूर्वी तिथं एक ठेंगणं स्टूल असायचं. तेव्हाच्या थोरल्या डॉक्टरबाई त्यावर बसत, आलेल्या बाईपेक्षा खाली. “हात लावू?” असं विचारत. मान हलली की मगच लावत. पुढच्या जखमेपाशी पुन्हा, “इथं लावू?” नको म्हटलं तर चहा मागवत. ही बाई दुपारपर्यंत विचारतच बसणार, असं शिंपीणबाईंना वाटायचं. आणि त्या बसतही.

आलेल्या बाईचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेत. मग तिनं घरी काय घालून जायचं? त्यासाठी शिंपीणबाईंना बोलावणं आलं. पुढून तळापर्यंत बटणांचे झगे शिवायचे, कारण मोडका हात वर करून डोक्यातून कपडा चढवता येत नाही. शिंपीणबाईंनी हौसेनं एकाच ताग्यातून सगळे झगे बेतले. निळी चौकडी. चिंधीसुद्धा वाया घालवली नाही. आणि थोड्याच दिवसांत बाजाराला कळलं: निळी चौकडी दिसली की ती त्या खोलीतून आलेली.

शिंपीणबाई डॉक्टरबाईंसमोर रडल्या होत्या. “मी प्रत्येकीच्या पाठीवर पाटी शिवली, बाई.”

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. “तागा अजून मिळतो का? मग मलाही एक शिवा. ढगळ शिवा, माझं पोट माझं ऐकत नाही.”

दुसऱ्याच आठवड्यात निळ्या चौकडीत डॉक्टरबाई भाजी घ्यायला गेल्या. मग नर्स. मग शाळेतल्या बाई, बेकरीवाली, तिच्या दोन्ही जावा. औषधाच्या दुकानदारानं तर शर्ट शिवून घेतला. त्यात तो टेबलावर अंथरलेल्या कापडासारखा दिसायचा, आणि बायको त्याला तसं तोंडावर सांगायची. बघता बघता अर्ध्या गावाच्या अंगावर निळी चौकडी झाली आणि कुणाकडं बघून कुणाला काही कळेना.

तेव्हाचे पुरुष सज्जन होते असं नाही. तेव्हाही हात असेच उठत. फक्त उजाडल्यावर जायला एक जागा होती.

“इथं डॉक्टर आहेत ना?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“आहेत. पण जखमा लिहून द्यायला बिचकतात. पुढं कोर्टात उभं राहावं लागतं.” साहेबांनी आवाज खाली घेतला. “मावशी, वडीलधाऱ्या आहात म्हणून बोलतो. मुलगा तुमचाच ना? एकदा कागदावर आलं की पुसता येत नाही. उद्या त्याला आत घातलं तर सोडवायला कोण धावणार? तुम्हीच. दोन दिवस जाऊ द्या. डोकी थंड होतील.”

शिंपीणबाईंचा हात टेबलावरून मागं आला आणि पदराचं टोक चाचपत राहिला. पहाटे मुलाला सुनेच्या अंगावरून ओढून काढताना त्यानं त्यांना “आई, मध्ये पडू नकोस” म्हटलं होतं. लहानपणी ताप आला की म्हणायचा त्याच आवाजात, आई.

त्यांनी पिशवी उचलली.

“चल गं,” त्या सुनेकडं न बघता म्हणाल्या. “सोमवारी पहिल्या गाडीनं जाऊ.”

सून उठली नाही.

पहाटेपासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली तेव्हा आवाज वाळूवरून ओढल्यासारखा आला, आणि साहेबांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

“आई, तुम्ही जा हवं तर. मी बसते.”

शिंपीणबाई दारापाशी तशाच उभ्या राहिल्या. मग परत आल्या, सुनेच्या खुर्चीमागं थांबल्या, आणि खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या,

“ओढणी काढू?”

सुनेनं मान हलवली. शिंपीणबाईंनी एकेक वेढा सोडवला. साहेबांनी नजर पुन्हा पंख्याकडं नेली.

“वर नका बघू, इकडं बघा,” सून म्हणाली. “डॉक्टर आहेत, मी आहे, दिवस उजाडलाय. मग आज का नाही, ते सांगा.”