वॉल्टची जागा

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातील एक जुनी खुर्ची आहे. परंतु माझे अर्धे आयुष्य रस्त्यावर गेले. लोखंडी नळ्यांचे पाय आणि पिवळ्या रेक्झिनचे आसन असलेल्या आम्ही चार बहिणी पिट्सबर्गच्या चढावरील एका घरात आलो. घर स्टेला कझ्मारेक आणि तिचा पती वॉल्ट यांचे. पोलादाच्या कारखान्यातून परतला की वॉल्ट माझ्यावरच बसून बूट काढी. त्या थकलेल्या भाराचे मला अप्रूप होते.

पुढे माझा एक पाय वाकला. भंगारात टाकण्याऐवजी वॉल्टने मला गाडीची जागा राखायला दारापुढे रस्त्यावर मांडले. आमच्याकडे ही रीतच आहे. गाडी बाहेर नेताना तिच्या जागी खुर्ची ठेवावी. दुसऱ्याची खुर्ची कोणी हलवत नाही. मी ऊन सोसले, बर्फ सोसला. सायंकाळी वॉल्ट मला उचलून म्हणे, "शाबास, पोरी." तेवढ्यावर मी कित्येक हिवाळे काढले.

मग महामारी आली. खोकत खोकत वॉल्ट स्वतःच गाडी घेऊन रुग्णालयात गेला. परतल्यावर त्याला जागा हवी, म्हणून स्टेलाने मला बाहेर ठेवले. तो परतला नाही. गाडीही परस्पर विकली गेली. मी मात्र दीड वर्ष तिथेच उभी राहिले. शेजारी आपल्या गाड्या दूर लावून सामान हातांनी वाहून आणत, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या रूडीची पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, खानावळ ओस पडली होती. आत बसायला लोक अजून भीत. रस्त्यावर फळ्यांचा ओटा घालून टेबले मांडायला नगरपालिकेने परवानगी दिली. पण शुक्रवारपर्यंत दोन गाड्यांची जागा मोकळी हवी होती. त्यातली एक माझी. रूडी फीत घेऊन मोजत यायचा आणि माझ्यापाशी थांबायचा.

"हलव की," त्याची स्वयंपाकीण डेनिस म्हणाली. "मोडकी खुर्ची तर आहे."

"तू हलव."

"मी कशाला? मला याच गल्लीत राहायचंय."

गुरुवारी दुपारी स्टेला खिडकीतून म्हणाली, "काय रे रूडी, तीन दिवस रस्ता मोजतोयस. वाढला का?"

रूडीने टोपी काढली. "काकू, ओटा घालायचा होता. उद्या शेवटचा दिवस. नाही जमलं, तर खानावळ बंद करीन म्हणतो."

"मग विचारलं का नाहीस?"

"वॉल्टकाकांची जागा आहे ना."

स्टेला खाली आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मनातून घाबरले. जागाच गेली, तर मी कोण?

तिने मला उचलले. "शाबास, पोरी," ती हळूच म्हणाली. मग रूडीकडे वळली. "घाल ओटा. हिलाही टेबलाशी घे. आणि तिचा पाय सरळ कर, लोखंडच आहे ते."

आता ओट्यावर गर्दी असते. पलीकडची दोन बंद दुकानेही उघडली. माझ्यावर बसायला मात्र लोक कचरतात. "बसा की," स्टेला डाफरते, "उभं राहून पिरोगी खाणार का?"

मित्रांनो, शहर नव्याने उभारताना एखादी रिकामी खुर्ची आडवी आली, तर ती कोणासाठी थांबली आहे, एवढे आधी विचारा.

काल कामावरून परतलेला एक माणूस माझ्यावर बसला, आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सैल करू लागला. तो भार मी लगेच ओळखला.