चिलखताचं पडणं

"पडायला काय लागतं गं? पोतंसुद्धा पडतं!"

वन्संनी हे सुनावलं ते भर वर्गात, बाकावर पालक बसलेले असताना. मॅटवर उताणी पडलेली भावजय छताकडे बघत राहिली. कुणीतरी हसू दाबलं, तेही तिला ऐकू आलं.

"उठा आता, राणीसरकार. परवा परीक्षा आहे, आणि या निजल्यात."

ती उठली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या कानांमागे काड्या नीट बसवून देणारी म्हणून वन्संनीच तिचं नाव 'चष्मेवाली' पाडलं होतं, आणि ते सगळ्या वर्गाने उचललं होतं. तिने जॅकेट ओढून सरळ केलं, पट्टा आवळला आणि पुन्हा समोर जाऊन उभी राहिली.

ज्युडोचा हा वर्ग अप्पांचा, म्हणजे वन्संच्या वडिलांचा. अप्पा गेल्यावर हॉलची मालकी असलेल्या ज्युडो संघाने अट घातली. घरातल्या कुणीतरी जुनी काता परीक्षकांसमोर पास करून दाखवली, तरच हॉल घराकडे राहील. हॉलला लागून दोन खोल्या होत्या. त्यात चष्मेवाली, तिचा नवरा आणि नुकती पाऊल टाकायला लागलेली त्यांची मुलगी राहत. वर माळ्यावर वन्सं. हॉल गेला की खोल्याही जाणार, माळाही जाणार. गेल्या वर्षी भावजयीला जोडीला घेऊन वन्सं नापास झाल्या होत्या. "सगळं बरोबर आहे, पण जिवंत वाटत नाही," एवढंच बोलून परीक्षकांनी कागद मिटले होते. त्याचं खापर अर्थातच भावजयीच्या डोक्यावर फुटलं. यंदा शेवटची संधी होती.

काता म्हणजे ठरलेली झुंज. कोण धरायला येणार, कोण पाडणार, कोण पडणार, सगळं आधीच ठरलेलं. त्यातली ही फार जुनी, ज्युडोच्याही आधीच्या जुजुत्सूतून आलेली, चिलखत घातलेल्या सैनिकांची. अंगावर सुती जॅकेटच असतं, पण हलायचं ते लोखंड अंगावर असल्यासारखं. अप्पा म्हणायचे, "चिलखतातला माणूस उडी मारून पडत नाही रे बाबांनो. आधी तोल जातो, मग चिलखत पडतं, आणि ते माणसाला घेऊन जातं."

पहिलाच डाव अवघड होता. चष्मेवालीने चालत जाऊन वन्संची कंबर धरायला हात घालायचा. वन्संनी तिच्या कमरेमागे एक हात नेऊन दुसऱ्याने तिला मागे कलवायचं, डावा गुडघा जमिनीला टेकायचा आणि तिला मांडीवरून मागे टाकायचं. सगळा भार त्या डाव्या गुडघ्यावर.

आणि वन्संच्या त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अजून भावजयीचं लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. अप्पांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं होतं, "तिचा गुडघा बरा होईपर्यंत तू जरा आधीच पडत जा. भार पडू देऊ नकोस. आणि तिला कळू देऊ नकोस, नाकावर माशी बसू देत नाही ती."

तेव्हापासून ती आधीच पडत आली होती. वन्संचा हात कमरेला लागला न लागला की पाय स्वतःच उचलायचे. गुडघा बरा झाला, वन्सं जिने धडाधड चढायला लागल्या, अप्पा गेले. तो हुकूम मागे घ्यायचं तेवढं राहून गेलं.

संध्याकाळी नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "ताईचं बोलणं मनावर नको घेऊस."

"मग कुठे घेऊ? ओट्यावर ठेवू?"

"तिला टेन्शन आहे."

"आणि मी काय, पोतं! पोत्याला कसलं टेन्शन!"

तो पुन्हा भाजी चिरू लागला. बहीण आणि बायको यांच्या मधे त्याने स्वतःपुरती एवढीच जागा शोधून काढली होती.

तेवढ्यात खुर्चीचा पाय धरून उभ्या असलेल्या मुलीने हात सोडला. एक पाऊल, दीड पाऊल. ती डुलली, पुढे झाली, मागे झाली, इवल्या बोटांनी हवा धरायला गेली, आणि अगदी शेवटी, काहीच उरलं नाही तेव्हा, धप्पकन बसली. रडली नाही. आईकडे बघून पुन्हा खुर्चीचा पाय शोधू लागली.

चष्मेवालीने तिला उचललं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. दुधाचा, घामाचा आंबूस वास. ही पोर किती झगडते उभं राहायला, तिच्या मनात आलं, आणि मी?

परवा मी आधी पडणार नाही, तिने ठरवलं. पाडून दाखवा म्हणावं. हे शिकवणं होतं की सूड, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

परीक्षेला तीन परीक्षक टेबलामागे बसले. दोघी समोरासमोर वाकल्या. ती चालत गेली, वन्संच्या कमरेला हात घातला. वन्संचा हात तिच्या पाठीमागे गेला, दुसरा छातीवर आला, नेहमीची ओढ बसली.

ती पडली नाही.

वन्संचे डोळे मोठे झाले. ओठ न हलवता त्या पुटपुटल्या, "पड ना!"

ती उभीच राहिली. एका परीक्षकाने पेन खाली ठेवलं. तिला दोन खोल्या दिसल्या, खुर्चीचा पाय दिसला. अजूनही स्वतःहून पडता आलं असतं. पाय उचलू पाहत होते. तिने ते दाबून धरले.

वन्संची ओढ थांबली. आता त्या ढकलणार, नाहीतर हात सोडून देणार, असं तिला वाटलं. पण वन्संनी श्वास सोडला आणि आपलं अंग तिच्या अंगाला आणून लावलं. पाठीमागचा हात हळूच खाली सरकला. तिच्या टाचांखालची जमीन कुठेतरी गेली. ती डुलली, हवा धरायला गेली. वन्संचा गुडघा टेकला, आणि ती खरीखुरी पडली. पाठीत असा दणका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला.

पुढचे सगळे डाव तसेच झाले. एकही फुकट मिळाला नाही.

"आज चिलखत पडलं," सर्वांत म्हातारा परीक्षक म्हणाला आणि सही केली.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. वन्संनी पट्टा सोडला. भावजयीकडे न बघता म्हणाल्या, "मुद्दाम उशीर केलास. मला तोंडावर पाडायला."

"नाही वन्सं. आज वेळेवर पडले."

"आज?"

खोटं बोलायला वेळ होता. तिने तो जाऊ दिला. "तुमचा गुडघा बरा होईपर्यंत जरा आधी पडायला सांगितलं होतं अप्पांनी."

वन्सं बराच वेळ पट्ट्याची घडी घालत राहिल्या. "अप्पांनी?"

"हो."

"आणि गुडघा बरा झाल्यावर?"

"ते कुणी सांगितलंच नाही."

"म्हणजे अप्पांसमोर मी तुला कधीच..." वन्संनी वाक्य सोडलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "जॅकेट भिजत घाल. घामाचा कुबट वास मारतोय."

संध्याकाळी वर्गाला सुट्टी होती. चष्मेवाली मुलीला घेऊन मधल्या दारापाशी आली. हॉल वाचला होता, तिची पाठ ठणकत होती. दिवा न लावता वन्सं मॅटवर एकट्याच उभ्या होत्या. कुणाच्या तरी कमरेमागे न्यावा तसा त्यांनी हात नेला, थांबल्या, गुडघा टेकला. उठल्या. पुन्हा तेच.

मुलगी खाली उतरायला धडपडली. आईने सोडलं तशी दाराची चौकट सोडून दीड पाऊल गेली आणि धप्पकन बसली.

त्या आवाजासरशी वन्संनी चमकून आपल्या पायांशी पाहिलं. तिथे कुणीच पडलेलं नव्हतं.