अर्धे यान मानपाड्याला, अर्धे बाळकुमला

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. सरळ ओळीत बोलायची मला सवय नाही, म्हणून ही गोष्ट नीट जमेल की नाही अशी धाकधूक वाटते. टीव्हीवरच्या एका अंतराळ-मालिकेवरून मला तयार केले. माझ्यात वाचणाराच कप्तान असतो. ‘दार उघडायचे असेल तर पान १४२ वर जा, पळायचे असेल तर पान १८ वर.’ माझ्या एकवीस शेवटांपैकी एकातच यान सुखरूप घरी परतते.

डोंबिवलीत, मानपाड्याला, रसिका आणि तिचा चुलतभाऊ सुश्रुत मला मिळून वाचत. मरण आलेच तर मागे फिरता यावे म्हणून आधीच्या पानात बोट अडकवून ठेवत. माझे फार कौतुक होई. पुढे त्यांच्या वडिलांमध्ये, सख्ख्या भावांमध्ये, अबोला आला आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

एके सकाळी खाली टेम्पो लागला. सुश्रुतचे घर वेगळे होऊन ठाण्यात, बाळकुमला निघाले होते. पातेली, खुर्च्या, गाद्या वाटून झाल्या. मी उरले.

“माझं आहे ते!” रसिका म्हणाली.

“तुझं कसं गं? दोघांना मिळून दिलेलं!”

“पुरे,” रसिकाचे बाबा, संदेश, म्हणाले. “सगळं अर्धं झालंय, हेही होऊ दे. पहिली शंभर पानं रसिकाची, पुढची सुश्रुतची. वाचून झालं की बदला.”

धाकट्या भावाने, सुश्रुतच्या बाबांनी, नुसती मान हलवली. दोघांनीही मला कधी उघडून पाहिले नव्हते.

कटरचे पाते माझ्या पाठीत शिरले. शिवणीचा एक टाका तुटला. मग दुसरा. ओरडायला मला तोंड नव्हते.

“बाबा, थांबा!” रसिका किंचाळली. “दार माझ्या अर्ध्यात आहे आणि दारामागचं त्याच्या! कुणीच घरी पोचणार नाही!”

पाते थांबले. पण निघाले नाही.

रसिकाने बाबांच्या हातातून मला ओढून घेतले आणि सुश्रुतकडे दिले. “ने. अख्खं ने.”

“आणि तू?”

“मी येईन वाचायला. काकू काय हाकलणारे मला?”

धाकटा भाऊ खाली बघत होता. तसाच म्हणाला, “रविवारी ये गं.” मग भावाकडे वळून, “दादा, तिला सोडायला तूच ये.”

मित्रांनो, माझी पाठ आता डिंकाच्या आधाराने तग धरून आहे. पुस्तक असो की घर, पाते लावण्याआधी एकदा उघडून पाहा. कोणत्या पानाची वाट कोणत्या पानाकडे जाते, ते बाहेरून दिसत नाही.